गाडीचा रंग नेमका कशानं जातो?

एकाच इमारतीत राहणाऱ्या दोघांनी एकाच महिन्यात एकाच कंपनीची काळी गाडी घेतली, असं समजा. पहिल्याची गाडी रोज सकाळी पुसली जाते. दुसऱ्याची आठवड्यातून एकदा धुतात, मधले सहा दिवस ती धुळीतच उभी असते. तीन वर्षांनी दोन्ही गाड्या स्वच्छ धुऊन दुपारच्या उन्हात शेजारी लावल्या, तर नवी कुठली दिसेल? बहुतेक जण पहिलीकडे बोट दाखवतील. प्रत्यक्षात तिच्याच बॉनेटवर बारीक ओरखड्यांची वर्तुळं चमकत असतात आणि दुसरी बऱ्यापैकी नितळ निघते.

जिची काळजी घेतली तीच गाडी आधी का खराब व्हावी? हे कोडं सुटलं, की शोरूममध्ये किल्ली हातात देताना हमखास विचारला जाणारा प्रश्नही सोपा होतो: "साहेब, कोटिंग करून देऊ का?" त्या एका प्रश्नामागे काही हजारांपासून दोन लाखांपर्यंतचा खर्च असतो. तेव्हा हो म्हणण्याआधी रंगावर संकटं कुठली येतात आणि कुठला कोट कशाला अडवतो, हे नीट पाहायला हवं.

शिरढोणहून निघालेली गाडी

उदाहरणासाठी पनवेल तालुक्यातलं शिरढोण घेऊ. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव मुंबई-गोवा महामार्गावर, पळस्पे फाटा आणि कर्नाळा यांच्या मधे आहे. इथून रोज पनवेल, बेलापूर किंवा अटल सेतूवरून थेट मुंबई गाठणाऱ्या गाडीच्या वाट्याला शहराचे आणि महामार्गाचे असे दोन्हीकडचे त्रास येतात.

पळस्पे फाट्यावर जेएनपीए बंदराचे कंटेनर आणि खडी-मातीचे डंपर यांची वर्दळ असते. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्यामुळे सुटी खडी आणि धूळ इथल्या वाहनचालकांना नवी नाही. पनवेल परिसरात सगळीकडे इमारती उभ्या राहत आहेत, म्हणजे हवेत सिमेंटची भुकटीही आली. रायगड जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. उरलेल्या महिन्यांत कडक ऊन. झाडाखाली सावलीला गाडी लावावी, तर कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याशेजारी राहणाऱ्यांना पक्ष्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

धूळ, खडी, सिमेंट, पाऊस, ऊन, विष्ठा. या प्रत्येकाची रंग बिघडवण्याची रीत निराळी आहे. त्यामुळे सगळ्यांवर चालेल असा एकच उपाय कुणी विकत असेल, तर सावध राहावं.

कागदाच्या जाडीत चार थर

आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो, तो एक थर नसून चार थर असतात. पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतो. त्यावर कारखान्यात रासायनिक प्रक्रिया होते आणि मग अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून त्यातून वीजप्रवाह सोडतात. रंगाचे कण ओढले जाऊन कानाकोपऱ्यात, सांध्यांत जाऊन बसतात. हा पहिला थर, इ-कोट. याचं मुख्य काम गंज अडवणं. जाडी साधारण २० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

त्यावर प्रायमर, साधारण ३० ते ३५ मायक्रॉन. तो पृष्ठभाग सपाट करतो आणि छोटे धक्के झेलतो. मग येतो बेस कोट, म्हणजे आपल्याला दिसणारा लाल, पांढरा किंवा राखाडी रंग. तो अवघा १५ ते २० मायक्रॉन. सगळ्यात वर क्लिअर कोट: ४० ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकसारखा थर. चकाकी त्याची, आणि उन्हातली अतिनील किरणं शोषून खालचा रंग टिकवण्याचं कामही त्याचंच. त्यासाठी त्यात खास रसायनं मिसळलेली असतात.

चारही थर मिळून १०० ते १३० मायक्रॉन भरतात, म्हणजे जेमतेम झेरॉक्सच्या एका कागदाइतकी जाडी. "रबिंग-पॉलिश करून घ्या, नवी होईल" असं गॅरेजवाला म्हणतो तेव्हा तो याच क्लिअर कोटचा वरचा काही भाग घासून काढणार असतो. ओरखड्याच्या तळापर्यंत सगळीकडचा थर उतरवला, की ओरखडा दिसेनासा होतो. गाडी चमकते खरी, पण ४० मायक्रॉनच्या शिलकीतून काही मायक्रॉन कायमचे खर्ची पडतात. असं पॉलिश गाडीच्या आयुष्यात थोड्याच वेळा परवडतं. दर दिवाळीला करायची ही गोष्ट नव्हे.

ओरखडे गोल का दिसतात?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. कोकणातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या १ ते १० या मोजपट्टीवर बेसाल्टमधली मुख्य खनिजं ५ ते ६ च्या आसपास येतात, वाळूतली गारगोटी ७ वर. क्लिअर कोट त्यांच्यापुढे फारच मऊ. कोरड्या किंवा नुसत्या ओलसर फडक्यानं धुळीची गाडी पुसताना हे कण फडक्यात अडकतात आणि हाताच्या दाबानं क्लिअर कोटवर रेघा ओढत जातात.

सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस तासाभरात पंधरा-वीस गाड्या उरकतो. हातात एक बादली, एक फडकं. तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी गढूळ होतं आणि पुढच्या गाडीला मागच्या सगळ्या गाड्यांची धूळ लागते. त्याच्या पगारात आणि वेळेत याहून वेगळं काही बसत नाही. पण हिशेब साधा आहे: रोज पुसलेली गाडी वर्षाला तीनशेहून अधिक वेळा घासली जाते, आठवड्याला धुतलेली पन्नास वेळा, तीही भरपूर पाण्यानं. नुसती बसलेली धूळ सहसा ओरखडा काढत नाही. ती घासली गेली की काढते.

मग हे ओरखडे वर्तुळाकार का दिसतात? जुनं स्टीलचं ताट दिव्याखाली धरून पाहा. घासणीच्या रेघा त्यावर वाटेल त्या दिशेनं गेलेल्या असतात, पण दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती त्यांची वर्तुळं दिसतात. ज्या रेघा प्रकाशाशी ठरावीक कोनात आडव्या आहेत, त्याच उजेड आपल्या डोळ्यांकडे परतवतात. बाकीच्या असूनही दिसत नाहीत. ताट हलवलं की वर्तुळं दिव्याबरोबर सरकतात. बॉनेटवर दिव्याच्या जागी सूर्य असतो, एवढाच फरक. काळ्या, गडद निळ्या गाड्यांवर हे जाळं उठून दिसतं. पांढऱ्या गाडीवरही ते असतं, फक्त नजरेत भरत नाही.

बॉडी कव्हरचंही असंच. धुळीच्या गाडीवर कव्हर चढवलं आणि वाऱ्यानं ते दिवसभर फडफडलं, की तेही पुसण्याचंच काम करतं. पावसाळ्यात त्याखाली ओल कोंडते ती वेगळी. कव्हर घालायचं तर स्वच्छ, कोरड्या गाडीवर. रोज वापरातल्या गाडीला ते क्वचितच जमतं.

विष्ठा, चिकटा आणि बोअरचं पाणी

दुसऱ्या प्रकारचे डाग रासायनिक. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं, पण डाग पडायला ऊनही तितकंच जबाबदार असतं. मे महिन्यात गडद रंगाच्या गाडीचा पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो. क्लिअर कोट थोडा मऊ होऊन प्रसरण पावतो, वरची विष्ठा वाळून कडक होते. संध्याकाळी पत्रा निवतो तेव्हा क्लिअर कोट आकसतो आणि त्या वाळलेल्या थराचा खडबडीत साचा स्वतःवर उमटवून घेतो. विष्ठा धुतली तरी निस्तेज ठसा राहतो तो यामुळे. उपाय घाईचा आहे: दिसली की ओला कपडा पाच मिनिटं त्यावर ठेवायचा, भिजू द्यायची आणि अलगद उचलायची. नखानं खरवडायची नाही.

आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांत काचेवर आणि टपावर चिकट थेंबांचा सडा दिसतो. तो झाडाचा चीक नसतो. मोहोरावरचे तुडतुडे रस शोषून उरलेला गोड द्रव टाकतात, तो हा चिकटा. त्यावर धूळ बसते, काळी बुरशी धरते आणि तो पुसायला गेलं की पुन्हा ओरखडे. हा चिकटा पाण्यात विरघळतो, त्यामुळे भिजवून धुणं पुरेसं होतं. मात्र आठवडाभर उन्हात वाळू दिला तर घासावा लागतो.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. भर उन्हात गाडी धुऊन तशीच वाळू दिली, की पाणी उडून जातं आणि क्षारांचे पांढरे गोल मागे राहतात. सुरुवातीला ते सहज निघतात, पुढे क्लिअर कोटला धरतात. सिमेंटची भुकटी याहून वाईट. ती अल्कधर्मी असते आणि रात्रीच्या दवानं भिजली की जागच्या जागी घट्ट बसते. शेजारी बांधकाम सुरू असेल तर पुसण्याआधी पाण्याचा जोरदार फवारा हवाच.

पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसले तर पत्रा गंजला म्हणून घाबरू नका. डिस्क ब्रेकमधून, रेल्वेच्या चाकांतून किंवा वेल्डिंगमधून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि पावसाळ्यात गंजतात. त्यांच्यासाठी लोह विरघळवणारा फवारा मिळतो. तो मारला की कणांभोवती जांभळे ओघळ येतात, त्यावरून लोखंड होतं हे कळतं.

खडीचा टवका

तिसरं संकट निव्वळ धक्क्याचं. डंपरच्या चाकातून उडालेली खडी आपल्या बॉनेटवर किती जोरात बसते, हे मुख्यतः वेगावर ठरतं आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. पनवेलमध्ये ताशी ४० किलोमीटरनं जाताना जो खडा नुसता टक् करून जातो, तोच अटल सेतूवर ताशी १०० च्या वेगात सहापटींहून जास्त जोरानं आदळतो. चारही थर एका ठिकाणी फुटतात आणि पत्रा उघडा पडतो. मग पाऊस आणि दमट हवा आपलं काम सुरू करतात.

इथं एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे असतात. तिथं टवका उडाला तर दिसायला वाईट, पण गंज नाही. बॉनेटची पुढची कड, काचेच्या वरची टपाची कड, दाराच्या कडा आणि चाकांच्या मागचा भाग मात्र बहुतेक गाड्यांत पोलादी असतात. तिथला टवका दिसला की टच-अप पेनानं लगेच बुजवावा. मोठ्या खर्चाच्या कुठल्याही कोटापेक्षा ही काहीशे रुपयांची कुपी गंजाविरुद्ध जास्त कामाची.

बाजारात मिळतं ते काय?

*मेण आणि सीलंट.* मेणात सहसा ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण असतं. ते पृष्ठभागावर नुसतं बसतं, रासायनिक बंध धरत नाही. चकाकी सुरेख देतं, पण कोकणच्या उन्हापावसात काही आठवडेच टिकतं. सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमरचा थर, तो काही महिने पुरतो. दोन्ही घरी लावता येतात, खर्च हजाराच्या आसपास. विष्ठा आणि क्षार थेट क्लिअर कोटला भिडण्याआधी या थराला भिडतात, हा त्यांचा खरा फायदा. भांड्यांच्या साबणानं गाडी धुतली, तर मात्र तो थर लवकर उतरतो.

*टेफ्लॉन कोटिंग.* नाव तव्यामुळे घराघरांत पोहोचलेलं. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई हे प्लास्टिक. ते १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना अपघातानं सापडलं. तव्यावर ते घट्ट बसवण्यासाठी तीनशे अंशांहून अधिक तापमानाला भाजावं लागतं. गाडीचा रंग त्या तापमानात टिकणार नाही. त्यामुळे या नावाखाली गाडीवर जे हातानं किंवा मशीननं चोळलं जातं, ते व्यवहारात सीलंटच असतं. सीलंटच्या भावात मिळालं तर हरकत नाही.

*सिरॅमिक कोटिंग.* सिलिकाच्या कुळातली द्रवरूप रसायनं क्लिअर कोटवर लावतात. हवेतल्या ओलाव्याशी प्रक्रिया होऊन त्यांचा कडक, काचेसारखा थर बनतो आणि तो रंगाला रासायनिक बंधानं धरून राहतो. पाण्याचे थेंब त्यावर गोल होऊन घरंगळतात, चिखल कमी चिकटतो, धुणं सोपं होतं. रसायनांनाही तो फारशी दाद देत नाही. एक ते तीन वर्षं टिकतो. दुकान आणि गाडीच्या आकारानुसार खर्च साधारण पंधरा ते चाळीस हजार.

पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉन. खडीपुढे ती काहीच नाही. जाहिरातीतला "९एच" हा आकडाही समजून घ्यावा. तो पेन्सिल चाचणीचा आहे: ९एच या सर्वांत कठीण श्रेणीच्या पेन्सिलीनं थरावर रेघ उमटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. खनिजांच्या मोजपट्टीवरच्या ९ शी त्याचा संबंध नाही. धुळीतला गारगोटीचा कण त्या पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असतो. म्हणजे सिरॅमिक केल्यावरही मळक्या फडक्यानं पुसलं तर ओरखडे येणारच. शिवाय थेंब गोल राहत असल्यानं बोअरचं पाणी तसंच वाळलं तर क्षारांचे डागही ठळक उमटतात. ग्राफीन नावानं मिळणारे कोटही बहुतांशी याच जातीचे.

*पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म).* हा कोट नव्हे, फिल्म आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी लष्करानं हेलिकॉप्टरची पाती धूळ आणि मारा यांपासून वाचवायला अशी फिल्म वापरली, तिथून ती पुढे मोटारींवर आली. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची ही पारदर्शक फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड असते. ती लवचिक असल्यानं खडीचा धक्का स्वतःत जिरवते. वरच्या थरावरचे बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेनं आपोआप भरून येतात, कारण ते प्लास्टिक तापलं की मूळ आकाराला परततं. खोल कापलं गेलं तर भरत नाही.

पूर्ण गाडीला खर्च सत्तर हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जातो. स्वस्तात मिळाली तर फिल्म पीव्हीसीची नाही ना, हे आधी विचारा. पीव्हीसी एक-दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि काढताना त्रास देते. फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडनं कापणार की संगणकावरच्या नमुन्यानं आधीच कापून आणणार, हेही विचारा. हलक्या हाताचा कारागीर नसेल तर ब्लेड रंगावरही चालतं. रंगीत फिल्मनं गाडीचा रंग बदलणार असाल तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते, पारदर्शक फिल्मला ती अडचण नाही.

मग पैसे कुठे घालायचे?

पनवेल-बेलापूर एवढंच फिरणाऱ्या, इमारतीखाली सावलीत उभ्या राहणाऱ्या हॅचबॅकला पूर्ण पीपीएफ म्हणजे उधळपट्टी. धुण्याची पद्धत सुधारा, तीन-चार महिन्यांनी सीलंट लावा, काम भागतं. गाडी उघड्यावर, झाडाखाली किंवा बांधकामाशेजारी उभी राहत असेल आणि पाच-सात वर्षं ठेवायची असेल, तर मध्यम किमतीचं सिरॅमिक पैसे वसूल करून देतं. डंपरमागून महामार्गावर रोजचं जाणं असेल तर पीपीएफ जरूर, पण पुढच्या भागापुरतं: बॉनेट, बंपर, आरसे, दारांच्या कडा आणि हँडलमागची नखं लागणारी जागा. बाकी अंगाला सिरॅमिक किंवा सीलंट. याचा खर्च पूर्ण फिल्मपेक्षा कमी येतो.

कुठलाही कोट चढवण्याआधी रंग स्वच्छ आणि नितळ हवा, नाहीतर आतले ओरखडे आणि लोखंडाचे कण तसेच झाकले जातात. अपघातानंतर एखादा भाग पुन्हा रंगवला असेल तर काही आठवडे थांबा. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजून पक्का होतो, गॅरेजात त्याला साधारण साठच अंश मिळतात आणि पूर्ण वाळायला वेळ लागतो. वॉरंटीच्या कागदावर "पाच वर्षं" दिसलं तर खालची बारीक अक्षरंही वाचा. बहुतेक वेळा दरवर्षी त्याच दुकानात पैसे भरून देखभाल करून घेण्याची अट तिथं असते.

चौकट: थोडक्यात

- पुसण्याचे ओरखडे: कुठलाच कोट पूर्ण अडवत नाही. पीपीएफवर बारीक ओरखडे भरून येतात. खरा उपाय भरपूर पाणी, स्वच्छ मायक्रोफायबर.
- विष्ठा, चिकटा, क्षार: सीलंट किंवा सिरॅमिक वेळ मिळवून देतं. लवकर धुणं तरीही आवश्यक.
- खडीचे टवके: फक्त पीपीएफ. पत्रा उघडा पडला तर टच-अप.
- ऊन: क्लिअर कोट पुरेसा सक्षम असतो. तो वारंवार घासून पातळ करू नका.
- धुण्याचा क्रम: सावलीत, आधी फवारा, मग कार शाम्पू, वरून खाली. साबणाची एक बादली, कपडा खळबळायला साध्या पाण्याची दुसरी. शेवटी पाणी टिपून घ्या.

कोटिंगवाल्याला फोन करण्याआधी एक काम करा. सकाळी गाडी पुसायला येणाऱ्याशी बोला. रोजचं पुसणं बंद करून आठवड्यातून दोनदा नीट धुऊन द्यायला सांगा, दोन मायक्रोफायबर आणि एक वेगळी बादली आणून द्या आणि महिन्याचे पैसे कमी करू नका. हजार रुपयांच्या आत होणाऱ्या या बदलानं गाडीचा रंग जितका वाचतो, तितका तो चाळीस हजारांच्या कोटावर मळकं फडकं फिरवून वाचणार नाही.